‘सारखी पडते’ म्हणून आरसीसीबी काढण्याआधी

(आमच्या ग्राहकांसाठी. आरसीसीबी म्हणजे करंट जमिनीत गळला की पडणारा, म्हणजे लाइट तोडणारा स्विच. ती जिच्यात बसवतात त्या पेटीच्या, म्हणजे डीबीच्या दाराला हे आतून चिकटवून ठेवा.)

पावसानं जोर धरला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात फोन सुरू होतात आणि बोलणं बहुतेक एकच असतं. “तुम्ही बसवलेली आरसीसीबी खराब निघाली, सारखी पडते. काल पाहुणे बसलेले आणि तीनदा लाइट गेली. तेवढी काढा आणि डायरेक्ट करून द्या.” आम्ही माणूस पाठवतो. तो तासभर शोधतो, कधी अर्धा दिवस जातो. आरसीसीबी चांगली असते. कुठल्या तरी प्लगात कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केलेले असतात. मग शोधण्याच्या वेळेचे पैसे सांगितले की वाद. दरवेळी तेच फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदा लिहून दिलेलं बरं म्हणून हे पत्रक. फेज म्हणजे करंट आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी, अर्थ म्हणजे यंत्राचा पत्रा जमिनीला जोडणारी, आणि एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, एवढं धरून वाचा.

आरसीसीबीच्या आत एक कडं असतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्यातून जातात. फेजनं गेलेला करंट तेवढाच न्यूट्रलनं परत आला की ती गप्प बसते. काही करंट दुसऱ्या वाटेनं जमिनीत गेला, मग ती वाट गिझरच्या पत्र्यातून असो की तुमच्या अंगातून, की तिला फरक कळतो. घरात आपण ३० मिलिअँपिअरची बसवतो. फरक तेवढा झाला की ०.३ सेकंदाच्या आत तिनं पडायलाच हवं. ९ वॉटचा साधा एलईडी बल्बसुद्धा याहून थोडा जास्त करंट घेतो, यावरून तिची नजर किती बारीक आहे ते बघा. एमसीबीला हे दिसत नाही. तिचं काम वायर जळू न देण्याचं, माणसाकडे बघण्याचं नाही.

आता ती चूक. एक उदाहरण सांगतो. पेठेतलं जुनं घर, स्वयंपाकघराचं नवीन काम आम्ही केलेलं, त्यात आरसीसीबी बसवलेली. चार दिवसांनी वहिनींचा फोन, मिक्सर लावला की घरभर अंधार. दिवे, पंखे चालतात, टीव्ही चालतो, मिक्सर किंवा इस्त्री लावली की पडते. त्यांनी मिक्सर दुरुस्तीला टाकला, त्यानं तपासून ‘काही नाही’ म्हणून परत दिला. आमच्या पोरानं मिक्सरकडे बघितलंच नाही. डीबीतल्या न्यूट्रल लिंकवरून, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात त्या पट्टीवरून, एकेक न्यूट्रल सोडवत गेला आणि वॉशिंग मशीनची सोडली तशी आरसीसीबी टिकली. बाथरूमबाहेरचा १६ अँपिअरचा प्लग उघडला. आत बोटाच्या दोन पेरांएवढा हिरव्या वायरचा तुकडा, एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूखाली, दुसरं अर्थच्या. वरून टेप गुंडाळून अगदी नीटनेटकं काम!

काका म्हणाले, “मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या. वायरमनला बोलावलं, त्यानं पाच मिनिटांत अर्थिंग दिलं आणि मुंग्या गेल्या.” गेल्या हे खरं, पण त्यानं अर्थिंग दिलंच नव्हतं. मशीनचा पत्रा न्यूट्रलला बांधून ठेवला होता. तेव्हा घरात आरसीसीबी नव्हती म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. आम्ही ती बसवली आणि तिनं पहिल्या आठवड्यात चोर पकडला. शिव्या मात्र आम्हाला.

मिक्सरच का? तर न्यूट्रल आणि अर्थ जोडले की परतीचा करंट दोन वाटांनी फुटतो. बराचसा न्यूट्रलनं जातो, थोडा अर्थच्या वायरीनं अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत. दोन दिव्यांच्या वेळी तो ‘थोडा’ इतका कमी असतो की आरसीसीबी सहन करते. मिक्सरचे तीन अँपिअर सुरू झाले की त्यातला थोडा म्हणजेसुद्धा शे-दीडशे मिलिअँपिअर होतात. मिक्सरचा काही दोष नसतो, तो नुसता जास्त करंट ओढतो. दुसरी फसगत अशी की वॉशिंग मशीनची एमसीबी खाली केली तरी आरसीसीबी पडायची थांबत नाही, कारण ती एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून तुम्ही सगळ्या एमसीबी पाडून बघता, काही हाती लागत नाही आणि ‘आरसीसीबीच खराब’ असं ठरतं. आमचा वेळ जातो तो इथे. एकेक न्यूट्रल सोडवून, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघावं लागतं. चहाला बसलोय असं कुणी समजू नये.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि बाहेरून येणाऱ्या लाइटचा न्यूट्रल एका लिंकवर टाकला तरी हेच होतं. इन्व्हर्टर बसवणारा माणूस दुसरा असेल तर त्याला आरसीसीबी दाखवा आणि आम्हाला फोन लावून द्या. पाच मिनिटांच्या बोलण्यात पुढचे दोन हेलपाटे वाचतात.

“ट्रान्सफॉर्मरवर जोडतात, मग घरात का नाही?”

हा प्रश्न आम्हाला अर्धवट माहिती असलेले वायरमनही विचारतात, आणि प्रश्न चुकीचा नाही. ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, म्हणून तर जमिनीत गेलेला करंट परत जायला वाट मिळते. पण ते तिथे, वीज कंपनीच्या हद्दीत. घरात आरसीसीबीच्या पुढे पुन्हा जोडलंत तर काय होतं ते वर सांगितलं. आरसीसीबी नसेल तर त्याहून वाईट. समजा वादळात फांदी पडली आणि खांबाकडून येणारा न्यूट्रल तुटला. तुमच्या फ्रिजमधून, टीव्हीतून निघालेला करंट आता परत जाणार कसा? त्या तुकड्यातून तुमच्या अर्थच्या वायरवर, आणि तिथून फ्रिजच्या दारावर, गिझरच्या नळावर, मिक्सरच्या बॉडीवर. न्यूट्रल खांबावरच, लाइनमध्ये तुटला तर त्याच्या पुढच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचा करंट तुमच्या एका खड्ड्यातून जायला बघतो. ज्या हिरव्या वायरीनं तुम्हाला वाचवायचं, तीच पत्र्यावर वीज आणून ठेवते. खड्डा नावालाच असेल तर टेस्टर नळाला लावल्यावर भकाभक पेटतो. हे आम्ही बघितलंय, उगाच भीती घालत नाही.

“अर्थिंग आहे की, बल्ब लावून बघितलाय”

फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॉटचा बल्ब लावायचा, लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम. ही पद्धत अजून चालू आहे. पण बल्ब फसवतो. तुमच्या खड्ड्याचा रोध ५० ओहम आहे असं धरा, म्हणजे जवळपास निकामी. तरीही त्या बल्बला २१० व्होल्टच्या आसपास मिळतात आणि तो झकास पेटतो. त्याच खड्ड्यावर गिझरची फेज पत्र्याला टेकली तर जेमतेम साडेचार अँपिअर वाहतील. २० अँपिअरच्या एमसीबीला त्याचं सोयरसुतक नाही. पत्रा मात्र २०० व्होल्टच्या वर जाऊन बसलेला. आणि प्लगात मघाचा तो हिरवा तुकडा असेल तर खड्डा नसतानाही बल्ब लख्ख पेटतो! आमचा माणूस अर्थ टेस्टर घेऊन येतो, अंगणात दोन खुंट्या ठोकतो आणि आकडा कार्डावर लिहून देतो. त्याचे वेगळे पैसे घेतो म्हणून काहीजण कुरकुरतात, पण कार्ड तुमच्याकडे राहतं. पुढच्या वर्षी आकडा वाढला तर खड्ड्याकडे बघायला हवं हे तुमचं तुम्हालाच कळतं. शक्यतो एप्रिल-मे महिन्यात बोलवा. पावसाळ्यात माती ओली, तेव्हा कुणाचंही रीडिंग गोड येतं.

चांगल्या खड्ड्यानंही एकट्यानं भागत नाही. ५ ओहमचा खड्डा घरासाठी चांगलाच म्हणायचा. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. सी कर्व्ह प्रकारची २० अँपिअरची एमसीबी झटक्यात पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ वर ती तापून पडेल, पण त्याला मिनिटभरही लागू शकतो, आणि तेवढा वेळ नळाखाली माणूस उभा असू शकतो. म्हणून आम्ही खड्डा आणि आरसीसीबी दोन्ही घ्यायला सांगतो. धंद्यासाठी सांगतो असं वाटत असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, पण दोन्ही करा.

खड्ड्याबद्दल थोडक्यात. पाईपचा अर्थ घ्यायचा तर जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप किमान अडीच मीटर लांब आणि घराच्या पायापासून दीड मीटर तरी लांब. अंगण नाही म्हणून भिंतीला चिकटून फूटभर खुंटी ठोकून ‘अर्थिंग’ म्हणणारे आहेत, त्यांना हात जोडतो. नदीकाठच्या काळ्या मातीत काम सोपं जातं. पन्हाळ्याकडे जांभ्यात ओल टिकत नाही, तिथे एकाऐवजी दोन खड्डे, मध्ये पाच मीटर अंतर ठेवून, एकमेकांना जोडून घ्यावे लागतात. कोळसा-मीठ अजून चालतं, पण मीठ धुऊन जातं आणि राहिलेलं पाईप खातं, शिवाय उन्हाळ्यात पाणी ओतायची आठवण ठेवायला लागते. केमिकल अर्थिंगला (मीठ-कोळशाऐवजी तयार पावडर भरतात ते) सुरुवातीला जास्त पैसे जातात, मात्र ती रोजची कटकट नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांनी अजूनही खड्ड्याचा क्लॅम्प उघडून बघितला नसेल तर बघा, आणि त्या पाण्यात बुडालेली एमसीबी किंवा आरसीसीबी वाळवून परत लावली असेल तर ती बदला. आतली स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट गंजलेले वरून दिसत नाहीत.

बाँडिंग, आणि गोठ्याची गोष्ट

अर्थिंग म्हणजे पत्रा जमिनीला जोडणं. बाँडिंग म्हणजे आसपासचं सगळं लोखंड एकमेकाला जोडणं, म्हणजे एका हातात नळ आणि दुसऱ्या हातात गिझर धरला तरी दोन्हींत फरक राहत नाही. नवीन घरात पाईप प्लॅस्टिकचे, तिथे हे काम कमी झालंय, पण गिझरमधलं पाणी, त्यातून बोअरचं क्षारवालं, वीज नेतंच. गच्चीवरच्या सोलरच्या फ्रेमला अर्थची वायर आहे का ते एकदा वर चढून बघा.

गोठ्यात याची किंमत जास्त. जनावर ओल्यात उभं असतं, पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि माणसाला कळणारही नाही एवढ्या व्होल्टेजला म्हैस दचकते. करवीर तालुक्यातल्या एका ग्राहकाची म्हैस पाण्याच्या लोखंडी टाकीला तोंड लावेना. दोन दिवस डॉक्टर झाले, औषध झालं. पाणी पाजायची मोटर आणि कडबा कुट्टी एकाच प्लगावर, अर्थची पिन तोडून टू पिन केलेली. आम्ही टाकी, लोखंडी खांब, कुट्टीची फ्रेम जीआय पट्टीनं एकत्र बांधून अर्थला दिली आणि आरसीसीबी टाकली. संध्याकाळी मालकानं फोनवर म्हशीचा पाणी पिण्याचा आवाज ऐकवला.

थ्री पिनची ती मोठी पिन तोडू नका. ती मुद्दाम लांब असते, आत जाताना आधी लागते आणि बाहेर येताना शेवटी सुटते.

आम्ही काय करणार नाही

आरसीसीबी ‘तात्पुरती’ बायपास करून देणार नाही, लग्नघर असलं तरी. रात्री अपरात्री अडलात तर फक्त फ्रिज आणि दिव्यांपुरती, स्वतःची आरसीसीबी असलेली वेगळी लाइन ओढून देतो, त्याचे पैसे पडतात. दोष शोधायला गेलेला वेळ आकारतो. काम आमचं असेल आणि चूकही आमची निघाली तर एक रुपया घेत नाही.

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा, पडली पाहिजे. मात्र ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थ नाही. खड्डाच नसला तरी ते बटण काम करतं.

फोन करायच्या आधी सगळे प्लग काढून एकदा आरसीसीबी वर करून बघा. टिकली तर एकेक यंत्र लावत जा, पडेल तिथे थांबा. सगळं काढूनही पडली, किंवा कुठलंही मोठं यंत्र लावलं की पडते, तर यंत्रात दोष शोधत बसू नका, मग आमचं काम. फोनवर एवढंच सांगा: काय चालू होतं, पाऊस होता का, इन्व्हर्टर आहे का, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत घरातला कुठला प्लग कुणी उघडला होता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. कुणी उघडला यावर आम्ही काही बोलणार नाही, फक्त त्या प्लगाकडे आधी जाऊ.