उपांत्य सामन्याचा पूर्वआढावा : स्वीडनमधील क्लब रग्बी

स्वीडनच्या राष्ट्रीय क्लब रग्बी स्पर्धेत साखळी फेरी आटोपली की उपांत्य सामन्यांआधी पूर्वआढावे लिहिले जातात. दोन्ही संघांचे बलाबल, उपलब्ध खेळाडू आणि संभाव्य डावपेच यांचा अंदाज त्यांत मांडलेला असतो. बड्या व्यावसायिक लीगमध्ये असे लेखन मुख्यतः आकडेवारीवर उभे राहते. स्वीडिश रग्बीत तेवढ्याने भागत नाही. येथील बहुतेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात, प्रवास लांबचे असतात आणि हंगाम मध्येच उन्हाळी सुट्टीने तुटतो. त्यामुळे गुणतक्ता काय सांगतो यापेक्षा सामन्याच्या दिवशी मैदानात कोण उतरणार, हाच या आढाव्याचा खरा प्रश्न असतो.

स्वीडनमध्ये रग्बी रुजली ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. ब्रिटिश युद्धनौकांच्या खलाशांनी तेथे खेळून दाखवलेल्या सामन्यांचा त्यात वाटा होता. १९३२ मध्ये राष्ट्रीय रग्बी महासंघ स्थापन झाला. फुटबॉल आणि आइस हॉकी यांनी व्यापलेल्या या देशात रग्बी कायम छोटा खेळ राहिला आहे. राष्ट्रीय दैनिकांत क्लब रग्बीला जागा क्वचितच मिळते, आणि उपांत्य सामन्यांविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा खेळाच्या आतल्याच माणसांनी लिहिलेले असते. त्यांना खेळाडू जवळून माहीत असतात, हा या लेखनाचा मोठा गुण आहे. आपल्या संघाकडे झुकलेले माप ही त्याची उणीव.

सर्वोच्च साखळीला ऑलस्वेन्स्कान म्हणतात. फुटबॉलची अव्वल लीगही याच नावाने ओळखली जाते. विजेत्या संघाला स्वीडिश अजिंक्यपदाचे सुवर्ण मिळते. संघांची संख्या आणि बाद फेरीची रचना आजवर एकसारखी राहिलेली नाही, म्हणून आढावा लिहिणाऱ्याने त्या वर्षीची नियमपत्रिका आधी वाचावी. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा आणि वरच्या क्रमांकाच्या संघाला घरचे मैदान, ही उपांत्य फेरीची ओळखीची मांडणी. ऐंशी मिनिटांनंतर बरोबरी राहिली तर पुढे काय, हेही स्पर्धेचे नियमच ठरवतात. त्यावर एक वाक्य तरी लेखात हवेच.

अजिंक्यपदाच्या चर्चेत वेगवेगळ्या काळी आलेल्या क्लबांमध्ये विलक्षण विविधता दिसते. स्टॉकहोमच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेले एनशोपिंग हे पंचवीसेक हजार वस्तीचे गाव, पण तेथील क्लबने अनेकदा राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले आहे. हामरबी हे राजधानीतले मोठे बहुक्रीडा नाव; फुटबॉल, बँडी (बर्फावर चेंडूने खेळला जाणारा हॉकीसारखा खेळ) आणि हँडबॉल यांच्या जोडीला तेथे रग्बीही खेळली जाते. स्टॉकहोम एक्झाइल्समध्ये परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांचा मोठा सहभाग राहिला आहे. देशाच्या दक्षिण टोकाला ट्रेलेबोर्गचा पिंगविन आणि शेजारी माल्मो, पश्चिमेला व्हेनर्न सरोवराकाठचे व्हेनर्सबोर्ग. लुंडचा लुगी हा विद्यापीठातून उगवलेला क्लब आहे.

या विविधतेचा आढाव्याशी थेट संबंध आहे आणि तो कळतो हंगामाच्या घडणीतून. स्वीडनमध्ये हिवाळ्यात मैदाने गोठलेली किंवा बर्फाखाली असतात. म्हणून सामने वसंतात सुरू होतात, जुलैच्या सुट्टीत थांबतात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होऊन शरदात बाद फेरी येते. वसंतात खेळलेला संघ आणि शरदात उतरणारा संघ कागदावर एकच असतो; प्रत्यक्षात बरेचदा तो बदललेला असतो. लुंड किंवा उप्सालासारख्या विद्यापीठनगरीत जूनमध्ये काही विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात आणि शरदसत्रात नवे येतात. इंग्लंडचा हंगाम सप्टेंबर ते मे, म्हणजे बरोबर उलटा. तिकडचा मोसम संपवून उन्हाळ्यापुरता स्वीडनला आलेला खेळाडू उपांत्य सामन्याच्या वेळी मायदेशी परतलेला असू शकतो. मेमधल्या ४० गुणांच्या फरकाने मिळवलेल्या विजयाला सप्टेंबरच्या उपांत्य सामन्यात किती किंमत द्यायची, हे दोन्ही दिवसांच्या संघयाद्या शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. प्रतिस्पर्धी त्या दिवशी लांबचा प्रवास करून जेमतेम सतरा खेळाडूंनिशी, म्हणजे मैदानातले पंधरा आणि फक्त दोन राखीव घेऊन, आला असेल, तर तो निकाल जवळपास बाजूलाच ठेवावा.

गुणतक्ता वाचतानाही सावध राहावे लागते. जगभर रूढ पद्धतीत विजयाला ४ आणि बरोबरीला २ गुण मिळतात. चार किंवा अधिक ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे) केल्यास एक बोनस गुण, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास पराभूत संघालाही एक. त्यामुळे दुबळ्या संघांविरुद्ध ट्रायचा पाऊस पाडणारा संघ बोनस गुणांवर वर चढतो, तर तगड्या संघांशी दोन-चार गुणांनी हरलेला खाली राहतो. उपांत्य सामन्यात हाच दुसरा संघ अधिक धोकादायक ठरू शकतो. पहिल्या चार संघांच्या फक्त आपसांतल्या लढतींचा छोटा तक्ता वेगळा काढला की चित्र बरेच स्पष्ट होते.

आढाव्यातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत उपेक्षित बाब म्हणजे पुढची फळी. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटा देतात; त्यात आघाडीला दोन्ही बाजूंना दोन प्रॉप आणि मधोमध हूकर असतो. मानेवर आणि मणक्यावर येणारा भार लक्षात घेऊन या जागांवर प्रशिक्षित खेळाडूच चालतात. नियमानुसार राखीव धरून संघात १५ किंवा कमी खेळाडू असतील तर पुढच्या फळीचे ३ जण पुरतात. १६ ते १८ असल्यास ४, १९ ते २२ असल्यास ५ आणि २३ असल्यास ६ लागतात. दुखापतींमुळे असे खेळाडू संपले तर स्क्रम ढकलाढकलीविना, केवळ नावापुरता होतो आणि चेंडू टाकणाऱ्या संघालाच तो मिळतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला स्क्रममध्ये चिरडण्यावर ज्याची सारी रणनीती उभी आहे, त्या संघाचे मुख्य शस्त्र क्षणात निकामी होते. मोठ्या देशांतल्या क्लबांकडे राखीव प्रॉपची रांग असते. स्वीडनसारख्या ठिकाणी एखाद्या प्रॉपचा घोटा मुरगळला, तर पूर्ण सामन्याचे गणित फिरते. नावाजलेल्या विंगरच्या (मैदानाच्या कडेने धावणाऱ्या खेळाडूच्या) वेगावर तीन परिच्छेद लिहून प्रॉपचा उल्लेखही न करणारा आढावा रग्बी न समजणाऱ्याने लिहिला, असे खुशाल समजावे.

त्याखालोखाल महत्त्व लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू कडेवरून आत टाकताना, तो फेकणारा आणि उडी घेणारा यांच्या जोडीला, पुढच्यांकडून चेंडू घेऊन मागच्यांना देणारे स्क्रम-हाफ व फ्लाय-हाफ यांच्या समजुतीला, आणि गोलवर किक मारणाऱ्याच्या भरवशाला. बाद फेरीत कर्णधार अनेकदा पेनल्टीवर ३ गुण घेणे पसंत करतात. साखळीत मात्र चार ट्रायच्या बोनसपायी तीच पेनल्टी गोलरेषेजवळ लाइनआउट मिळावा म्हणून कोपऱ्याकडे मारली जाते. म्हणून साखळीत दडून राहिलेली किकरची उणीव नेमकी उपांत्य सामन्यात उघडी पडते.

अंतर आणि हवा यांचाही हिशेब करावा लागतो. माल्मो ते स्टॉकहोम हे अंतर रस्त्याने ६०० किलोमीटरांहून अधिक आहे. समजा, हामरबीच्या मैदानावर पिंगविन खेळायला येत आहे. पाहुण्यांनी आदल्या दिवशी निघून मुक्काम केला की भल्या पहाटे बस गाठली, किती जणांना कामावरून रजा मिळाली, हे विचारल्याखेरीज त्या सामन्याचा आढावा पुरा होत नाही. सामना ट्रेलेबोर्गला असेल तर सपाट किनारपट्टीवरचा वारा लक्षात घ्यावा; नाणेफेकीनंतर कोणत्या बाजूने खेळायचे, उंच किक मारायची की चेंडू हातातच ठेवायचा, हे त्यावर ठरते. जूनच्या अखेरीस स्टॉकहोमला साडेअठरा तासांचा उजेड असतो, तो ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साडेदहा तासांच्या आसपास येतो. गवतावरचे दव उशिरापर्यंत टिकते, चेंडू निसटतो, आणि वसंतात लांब पास देत खेळणाऱ्या संघाला जवळच्या, जड खेळाकडे वळावे लागते. कृत्रिम गवताच्या मैदानावर हा परिणाम कमी जाणवतो, तेव्हा पृष्ठभाग कोणता हेही आढाव्यात नोंदवावे.

दुखापतींबाबत एक संयम पाळायला हवा. डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसल्याची शंका आलेल्या हौशी खेळाडूने साधारणपणे २१व्या दिवसाआधी सामन्यात परतू नये, अशी जागतिक रग्बी संघटनेची मार्गदर्शक भूमिका आहे. साखळीच्या शेवटच्या फेरीत असे काही घडले, तर तो खेळाडू उपांत्य सामन्याला बहुधा मुकतो. अशा वेळी 'संघाला त्याची गरज आहे, तो उतरेलच' असे लिहिणे बेजबाबदारपणाचे आहे. 'उपलब्ध नाही' एवढी नोंद पुरेशी असते. हे खेळाडू पगारी तारे नाहीत. त्यांच्या प्रकृतीचा तपशील छापण्याचा कुणालाच हक्क पोचत नाही.

अंदाज वर्तवावा का, यावर मतभेद आहेत. रग्बीत फुटबॉलच्या मानाने गुण पुष्कळ होतात आणि सरस संघ बहुतेक वेळा जिंकतोच, त्यामुळे विजेता सांगणे तुलनेने सोपे. फरक सांगणे अवघड. चांगला आढावा विजेत्याबरोबर अट सांगतो : अमुक संघाची पुढची फळी साठाव्या मिनिटानंतरही टिकली तर तो जिंकेल. राखीव आठ जणांपैकी किती जण खरोखर तयारीचे आहेत, याचे उत्तर त्या अटीतच दडलेले असते.

महिलांच्या उपांत्य सामन्यांना पुरुषांच्या लेखाच्या तळाशी दोन ओळींत उरकणे स्वीडनच्या बाबतीत तर अजिबात समर्थनीय नाही. पुरुषांचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाला आजवर एकदाही पात्र ठरलेला नाही. महिला संघ मात्र १९९१ च्या पहिल्याच विश्वचषकात खेळला, आणि त्यानंतर १९९४, १९९८ व २०१० मध्येही.