ऑनलाइन पोकर व जुगारबंदी कायदा

इंटरनेटवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पोकर या पत्त्यांच्या खेळाला कायद्याची मान्यता असावी की नसावी, यावरून भारतात चाललेला न्यायालयीन व राजकीय वाद. पुण्यासह महाराष्ट्रात त्याचे मूळ एका जुन्या कायद्यातल्या एका ओळीत आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ (आताचे नाव महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा) याच्या १३ व्या कलमानुसार निव्वळ कौशल्याच्या खेळाला, तो कुठेही खेळला जात असला तरी, हा कायदा लागू होत नाही. पोकर त्या ‘निव्वळ कौशल्या’त बसतो का, हा सगळ्या भांडणाचा गाभा. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या कायद्यात पोकरचे नावही घेतलेले नाही, आणि २०२५ मध्ये संसदेने तो प्रश्न परस्पर मोडीत काढला, निदान मोबाइलपुरता.

खेळ : ऑनलाइन सर्वाधिक चालणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येक खेळाडूला दोन पालथी पाने मिळतात आणि मध्ये पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात : आधी तीन, मग एक, शेवटी एक. त्या अनुषंगाने चार वेळा पैसे लावायची संधी येते. सातांपैकी उत्तम पाच पानांचा हात ज्याचा, त्याचा डाव. मात्र बरेच डाव पाने न दाखवताच संपतात, कारण समोरचे माघार घेतात; हातात काही नसताना मोठी रक्कम लावून इतरांना पळवणे हा खेळाचा प्राण. गणपतीच्या मांडवात रात्र जागवताना तीन पत्ती खेळलेल्या पुणेकराला ‘ब्लाइंड’, ‘चाल’, ‘पॅक’ हे शब्द पाठ असतात, म्हणून पोकर त्याला लवकर कळतो. फरक उघड्या पानांचा. तीन पत्तीत समोरच्याच्या पानांविषयी जवळजवळ काहीच माहिती नसते. पोकरमध्ये ती अर्धवट असते, आणि त्या अर्धवट माहितीवर गणित मांडता येते.

ऑनलाइन कंपनी स्वतः खेळत नाही. पाने संगणक पिसतो आणि प्रत्येक डावातल्या रकमेतून कंपनी ठरावीक वाटा उचलते. याला ‘रेक’ म्हणतात. पत्त्यांच्या अड्ड्यावर यालाच ‘नाल’ असा जुना शब्द आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत असे सांगितले आहे. मनुस्मृती मात्र राजाने द्यूत समूळ बंद करावे असे बजावते. बंदी की कर, हा वाद आपल्याकडे निदान इतका जुना आहे.

कौशल्य की नशीब : राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत, ३४ व्या नोंदीत, ‘पैज व जुगार’ हा विषय राज्यांकडे दिला आहे. या विषयावरचा पहिला मोठा निकाल मुंबई राज्याच्याच खटल्यात लागला. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरील कराविरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला न्यायालयात गेले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे त्याला व्यवसाय-स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरवले. त्याबरोबर हेही स्पष्ट झाले की, ज्यात यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा जुगार ठरत नाही. पुढे सत्यनारायण खटल्यात (१९६८) रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला गेला, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. तीन पानांचा खेळ मात्र नशिबाचा ठरला. त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे : क्लबचा मालक अशा पैशांच्या खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. ऑनलाइन कंपन्यांचा सगळा डोलारा रेकवर उभा असल्याने सरकारी वकिलांनी पुढे हेच वाक्य पुन्हापुन्हा पुढे केले. रमीवाले निकालाचा पहिला अर्धा भाग सांगतात, सरकारे दुसरा.

पोकर या दोहोंच्या मध्ये अडकला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज व रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे. नागालँडच्या कायद्याने त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घालून परवाने देऊ केले. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल मात्र गुजरातचा. डिसेंबर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने डॉमिनन्स गेम्स खटल्यात पोकर हा जुगारच, असे म्हटले. गुजरातमध्ये चालतो तो जुगारबंदी कायदाही १८८७ चाच, जुन्या मुंबई इलाख्याचा. म्हणजे कलम तेच, शब्द तेच, फक्त राज्य वेगळे. गुजरातचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, हे खरे. पण पुण्यात पोकरचा क्लब काढू पाहणाऱ्याला कोणताही वकील आधी हाच निकाल दाखवील.

कौशल्याच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा न्यायालयाबाहेर तयार झाला. त्याच २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना एक लाख वीस हजार डावांत हरवले. निव्वळ नशिबाच्या खेळात इतक्या डावांनंतर असे सातत्य दिसत नाही. पण विरोधकांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो हलका नाही : लाखभर डावांत कौशल्य जिंकते हे मान्य केले, तरी रात्री अकराला पगाराचे पैसे घेऊन बसलेला माणूस पन्नास डाव खेळतो, आणि पन्नास डावांत नशीबच जिंकते.

राज्यांचे प्रयत्न व महाराष्ट्र : तेलंगणाने २०१७ मध्ये कौशल्याच्या खेळांसह पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ बंद केले. तमिळनाडूचा असाच कायदा मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये, तर कर्नाटकची दुरुस्ती तेथील उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. तमिळनाडूने २०२२ मध्ये नवा कायदा करून रमी व पोकर यांना नावानिशी नशिबाचे खेळ ठरवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने कायदा राखला, पण त्यातली ही दोन नावे वगळली.

महाराष्ट्र या काळात बंदीही करत नव्हता आणि परवानाही देत नव्हता. कॅसिनोंना परवानगी देणारा राज्याचा १९७६ चा कायदा एकदाही अमलात न येता कागदावरच राहिला आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. पुणेकर हौशींना त्याने फारसा फरक पडला नाही; त्यांची वाट मांडवी नदीतल्या कॅसिनो-बोटींकडे जाते, कारण गोव्याच्या कायद्यात तशी तरतूद आहे. त्यांतल्या काही बोटी चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पचे नोंदणीकृत कार्यालय अनेक वर्षे पुण्यातच होते आणि अड्डा५२ ही पोकरची साइटही तिने घेतली होती. पुण्यात कायदेशीरपणे पैसे लावायचे ठिकाण एकच, रेसकोर्स. १८८७ च्या कायद्याने शर्यतीच्या दिवशी, ठरवून दिलेल्या आवारात लावलेली पैज जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. घोडा धावतो तिथे चालते, पत्ता पडतो तिथे नाही. यामागे तर्कापेक्षा ब्रिटिश काळातल्या साहेबांची आवड अधिक दिसते.

लोकांचा रोष मात्र पोकरपेक्षा रमी व क्रिकेटच्या ॲपवर होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने अशा क्रिकेट-ॲपवर दीड कोटी रुपये जिंकले आणि काही दिवसांतच त्याला निलंबित करण्यात आले. त्याआधी, ऑगस्टमध्ये, आमदार बच्चू कडू यांनी ऑनलाइन खेळाच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर आंदोलन केले होते. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी प्रसिद्ध केली. कोकाटे यांनी आरोप फेटाळला. महिनाअखेर त्यांचे खाते बदलले आणि नवे खाते मिळाले ते क्रीडा व युवक कल्याण.

कर : मान्यता मिळण्याआधीच कर आला. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर उगमातच कापला जाऊ लागला, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर. आधी हा कर कंपनीच्या रेकवरच, १८ टक्के दराने, भरला जात असे. सरकार इतका कर घेते त्या अर्थी धंदा वैध, अशी अनेकांची समजूत झाली. कायद्यात तसे काही नाही. पैज बेकायदा असली तरी तिच्यावर कर लावता येतो.

२०२५ चा कायदा : ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारे विधेयक लोकसभेत २० ऑगस्टला आणि राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाले, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जी चर्चा इतकी वर्षे चालली ती तीन दिवसांत आटोपली. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, पैसे लावून तो ऑनलाइन देऊ करणे हा गुन्हा, असे या कायद्याचे सूत्र आहे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही शिक्षा होते, खेळणाऱ्याला मात्र नाही. ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने मांडला. उद्योगाच्या संघटनांनी आपण वर्षाला २०,००० कोटींचा कर भरतो आणि दोन लाख रोजगार देतो, असे सांगितले. दोन्ही बाजूंना एकच आकडा सापडला.

काही दिवसांतच मोठ्या पोकर-साइट्सनी पैशांची टेबले बंद केली. जुगार हा राज्यांचा विषय असताना संसद असा कायदा करू शकते का, आणि न्यायालयांनी जपलेला कौशल्याचा अपवाद असा पुसता येतो का, हे मुद्दे घेऊन कंपन्या वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेल्या. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

हा कायदा ऑनलाइन खेळापुरता आहे. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सहा जण टेबलाभोवती बसले, तर त्यांना लागू होतो तो १८८७ चाच कायदा आणि त्याचे १३ वे कलम. तिथे उधारीवर खेळलेल्या डावाचे पैसे दिवाणी न्यायालयातून वसूल करू पाहणाऱ्याची वाट आणखी अवघड आहे : करार कायद्याचे ३० वे कलम पैजेचा करार शून्य मानते, आणि जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ पासून पैजेसाठी दिलेल्या कर्जासारखे पूरक करारही शून्य ठरतात.