गच्चीवरचं शून्य: इमारतीचं ‘सिस्मिक वेट’ कसं ठरत आलं

भूकंपाचा आडवा जोर इमारतीच्या वजनाच्या हिश्शात मोजायची रीत १९०८च्या मेसिना भूकंपानंतर इटलीत रुळली. या हिशेबात धरलेलं वजन म्हणजे ‘सिस्मिक वेट’. आपल्याकडे आयएस १८९३ हे भूकंपाचा जोर ठरवण्याचं मानक १९६२ साली आलं. मराठवाड्यात ते गांभीर्याने वाचलं गेलं ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतरच.

किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होती. २००२च्या आवृत्तीत तो झोनच काढून टाकला आणि हा पट्टा तिसऱ्यात गेला. चर्चा झोनचीच झाली. पण माणसं दगावली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली. दोन फूट मातीचं माळवद चौरस मीटरला टनभर भरतं. पाच इंची स्लॅब त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसतो.

स्लॅबची घरं आली तसा वाद लाइव्ह लोडवर, म्हणजे माणसं-सामानाच्या बदलत्या भारावर, सरकला. डेड लोड, म्हणजे बांधकामाचं स्वतःचं वजन, पूर्ण धरायचा. लाइव्ह लोड चौरस मीटरला ३ किलोन्यूटनपर्यंत (साधारण तीनशे किलो) असेल तर त्याचा पाव हिस्सा, त्याहून जास्त असेल तर निम्मा. सगळ्या खोल्या एकाच क्षणी गच्च भरलेल्या नसतात, हा त्यामागचा हिशेब. राहत्या घराला तो लागू पडतो. आडतीच्या माडीवर सोयाबीनची थप्पी महिनोन्‌महिने हलत नाही. तिथे निम्मा भार कमीच वाटतो.

गच्चीचा लाइव्ह लोड तर मोजायचाच नाही. खरी मेख इथे आहे. लातूरला २०१६मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं. टँकरच्या भरवशावरच्या अशा गावांत गच्चीवर टाक्या वाढत जातात, मंजूर नकाशात त्या असोत वा नसोत. दोन हजार लिटरच्या चार टाक्या भरल्या की पाणीच आठ टन. शंभर चौरस मीटरचा स्लॅब साधारण बत्तीस टनांचा, म्हणजे त्याच्या पाव हिश्शाइतका बोजा वर चढला. काही डिझायनर पाणी लाइव्ह लोडमध्ये टाकून शून्य करतात. कायम बसवलेल्या उपकरणांचं वजन धरायला मानक सांगतं, त्यामुळे भरलेली टाकी पूर्ण धरणंच योग्य. शिवाय मजल्यांवर जोर वाटताना वजनाला उंचीच्या वर्गाने गुणतात; चौथ्या मजल्यावरच्या स्लॅबवरचा एक टन पहिल्यावरच्या सोळा टनांइतका हिस्सा ओढतो.