पार्श्वभूमी: एका सेंटच्या पत्राचा चेहरा

धर्मादाय कामासाठी निघणाऱ्या स्वतंत्र नियतकालिकाचं रूप ठरवताना टाइप आणि रंगांच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते: गरीब माणूस त्यात कसा दिसणार? मदतीसाठी हात पसरलेला, की हातात अवजार घेतलेला? न्यूयॉर्कच्या 'कॅथलिक वर्कर' या वृत्तपत्राने याचं उत्तर थेट मास्टहेडवरच, म्हणजे पहिल्या पानावरच्या नावाच्या सचित्र पट्टीतच, दिलं.

महामंदीच्या ऐन काळात डोरोथी डे आणि पीटर मॉरिन या कॅथलिक कार्यकर्त्यांनी हे पत्र काढलं. १ मे १९३३ रोजी युनियन स्क्वेअरमधल्या कामगारांच्या गर्दीत पहिल्या अंकाची विक्री झाली. प्रती २,५०० आणि किंमत १ सेंट, जी पुढेही कधी वाढवली नाही. जाहिराती घ्यायच्या नाहीत हेही ठरलेलं. म्हणजे साधा वृत्तपत्री कागद आणि काळी शाई, एवढ्यावरच भागवायचं होतं.

सुरुवातीच्या मास्टहेडवर दोन कामगारांचं चित्र होतं आणि दोघेही गोरे होते. एका कृष्णवर्णीय वाचकाने हे निदर्शनास आणून दिलं, तेव्हा त्यांतला एक कृष्णवर्णीय करण्यात आला. एवढ्याशा चित्रातला हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्यांच्यासाठी पत्र निघत होतं त्यांनीच तो सुचवला होता.

पत्राला खरं वळण दिलं ते आदे बेथ्यून या बेल्जियममध्ये जन्मलेल्या तरुण विद्यार्थिनीने. अंकातली चित्रं तिला पसंत नव्हती, म्हणून तिने स्वतःची काढून पाठवली. त्यांत संत होते, पण रोजची कामं करणारे. रेषा जाड, काळं-पांढरं स्पष्ट. साध्या कागदावरही चित्र उठून दिसायचं. ती पहिल्यांदा कार्यालयात गेली तेव्हा हातात दान द्यायच्या कपड्यांच्या पिशव्या होत्या. पत्राची माणसं बेघरांना निवाराही देत, त्यामुळे निवारा मागायला आलेली बाई समजून तिला जागा नसल्याचं सांगण्यात आलं! १९३५ मध्ये तिने मास्टहेड नव्याने रेखाटलं: हात मिळवणारे दोन कामगार आणि त्यांच्यामध्ये ख्रिस्त. १९८५ मध्ये तिनेच त्यातल्या एका पुरुषाच्या जागी कामकरी स्त्री आणली.

१९४९ मध्ये डे यांची गाठ जर्मनीतून आलेले चित्रकार फ्रिट्झ आयखेनबर्ग यांच्याशी पडली. लेख वाचू न शकणाऱ्यांनाही कळतील अशी चित्रं डे यांना हवी होती, आणि आयखेनबर्ग यांनी ती विनामोबदला दिली. लाकडावर कोरलेल्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात ख्रिस्त मोफत अन्नाच्या रांगेत उभा आहे, वाटणारा म्हणून नव्हे, घेणाऱ्यांपैकी एक म्हणून.

पुढे बेघर आणि गरजू लोक रस्त्यावर विकतात अशा पत्रांचा प्रवाह आला. न्यूयॉर्कचं 'स्ट्रीट न्यूज' १९८९ मधलं, लंडनचं 'बिग इश्यू' १९९१ मधलं. 'बिग इश्यू'चे विक्रेते अंक आधी स्वतः विकत घेतात आणि जास्त किमतीला विकतात. मधला फरक ही त्यांची कमाई. त्यामुळे मुखपृष्ठ फसलं तर न विकलेल्या अंकांचा तोटा थेट त्यांच्याच खिशाला बसतो.