थायरॉइड कर्करोगातील लक्ष्यित औषधोपचार आणि जीवनगुणवत्ता

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथीच्या कर्करोगावर लक्ष्यित औषधे, म्हणजे गाठीच्या वाढीचे ठरावीक संदेश अडवणारी औषधे, चालू असताना रुग्णाचे खाणेपिणे, चालणे, झोप, कामधंदा, मनःस्थिती आणि घरातला वावर कसा राहतो, याचा विचार ‘जीवनगुणवत्ता’ या संज्ञेत होतो. ही औषधे गोळ्या किंवा कॅप्सूलच्या रूपात रोज घरीच घ्यायची असतात, तीही महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे. चार दिवस सोसले की सुटलो, असा हिशेब इथे चालत नाही. म्हणूनच तळपायाचा फोड किंवा बेचव झालेले तोंड ही किरकोळ तक्रार राहत नाही. औषध पुढे घेता येईल की नाही, हे बऱ्याचदा त्यावरच ठरते.

बहुतेक रुग्णांना या औषधांची गरजच पडत नाही. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांत शस्त्रक्रिया व किरणोत्सारी आयोडीन (थायरॉइडच्या पेशी ते शोषतात आणि त्याच्या किरणांनी मरतात) पुरेसे ठरते. मुंबईत या आयोडीन उपचारांचे जुने केंद्र म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर. १९६३ पासूनचे हे केंद्र परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारालगत आहे. आजार पसरलेला आहे आणि गाठी आयोडीन शोषून घेत नाहीत, अशा वेळी सोराफेनिब, लेनव्हॅटिनिब किंवा कॅबोझँटिनिब यांचा विचार होतो. मेड्युलरी या दुर्मिळ प्रकारात व्हँडेटॅनिब व कॅबोझँटिनिब वापरतात, आणि जनुकीय तपासणीत आरईटी जनुकातला बदल सापडल्यास सेलपरकॅटिनिब. या शेवटच्या औषधाचा नेम अधिक नेमका असल्याने इतर अवयवांना होणारा उपद्रव तुलनेने कमी असतो.

‘थायरॉइडचा ना? मग तो चांगला कॅन्सर,’ असे नातेवाईक धीर देण्यासाठी म्हणतात. आयोडीन निष्प्रभ ठरलेल्या माणसाला ते वाक्य बोचते. आपले दुखणे खरे नाही की काय, असे त्याला वाटू लागते.

औषध केव्हा सुरू करायचे, हा जीवनगुणवत्तेचा पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा प्रश्न. फुप्फुसातल्या बारीक गाठी कित्येकदा वर्षानुवर्षे जवळपास तेवढ्याच राहतात आणि रुग्णाला काही जाणवत नाही. अशा वेळी ठरावीक काळाने स्कॅन करत थांबणे हाही उपचाराचाच भाग आहे. चांगल्या चालत्या-फिरत्या माणसाला घाईने गोळ्या सुरू केल्या, तर त्याला आजाराआधी औषधाचाच त्रास सुरू होतो.

त्रासाची कारणे औषधाच्या कामातच आहेत. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटू नयेत म्हणून जे संदेश अडवले जातात, तेच संदेश शरीरातल्या निरोगी वाहिन्या सैल ठेवतात. त्यामुळे रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ शकतात, जखमा उशिरा भरतात. दात काढायचा असला तरी आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे लागते. ग्रंथी काढल्यावर तिच्या संप्रेरकाऐवजी गोळीतून घ्याव्या लागणाऱ्या थायरॉक्सिनची गरजही वाढू शकते, आणि ती मात्रा पुरते का हे सांगणारी टीएसएच ही रक्तचाचणी न केल्यास त्यामुळे येणारा थकवा कर्करोगाच्या खाती जमा होतो.

हातापायांचा त्रास मात्र मुंबईच्या संदर्भात जवळून पाहायला हवा. सोराफेनिबवर तो फार जणांना होतो. आधी तळवे चुरचुरतात, लाल होतात, मग दाब पडणाऱ्या जागी जाड कातडी किंवा फोड येतात. रोज भाकरी थापणाऱ्या बाईचा तळवा गरम पीठ मळताना पोळल्यासारखा होतो. लोकलमध्ये वरची कडी धरवत नाही, परळ स्थानकाच्या पुलाची प्रत्येक पायरी टाचेत जाणवते. पावसाळ्यात रबरी चपलेत दिवसभर ओला राहिलेला पाय आणखी सोलवटतो. युरिया असलेले मलम सुरुवातीपासून लावणे, सुती मोजे, मऊ तळाची पादत्राणे आणि कढत पाणी टाळणे हे उपाय साधे आहेत, पण ते फोड येण्याआधी सांगितले तरच कामाचे. लोकलच्या दिव्यांगांसाठीच्या डब्यातून कर्करोगग्रस्तांनाही प्रवासाची मुभा असते. बाहेरून धडधाकट दिसणारा गोळ्यांवरचा रुग्ण लोकांच्या नजरांना बिचकून त्यात चढत नाही. त्याने चढावे. तो डबा त्याच्यासाठीही आहे.

जुलाब हा दुसरा छळ. शौचालय कुठे सापडेल या धास्तीने माणसे घराबाहेर पडणे सोडतात. तोंड आल्यावर मिसळ, लोणचे बंद होते आणि मऊ भात, पेज, ताक यांवर दिवस काढावे लागतात. वजन उतरते.

अशा वेळी सर्वांत घातक ठरते ती आपली सोसण्याची सवय. ओपीडीत ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘बरं आहे, डॉक्टर’ एवढेच उत्तर मिळते, कारण खरे सांगितले तर गोळी बंद होईल ही भीती. प्रत्यक्षात काही दिवस खंड देणे किंवा मात्रा उतरवणे हा या उपचाराचा नेहमीचा भाग आहे. लेनव्हॅटिनिबच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचा याहून जास्त, निम्म्यांचा कमी) १८.३ महिने होता, तर औषधाविना ३.६. पण ठरलेली मात्रा रोज २४ मिलिग्रॅम असताना रुग्णांनी घेतलेली सरासरी भरली १७.२. याचा अर्थ मुळातच कमी द्यावे असा नव्हे. १८ मिलिग्रॅमने सुरुवात करून पाहिलेल्या नंतरच्या चाचणीत गाठी आकसण्याचे प्रमाण कमी राहिले आणि गंभीर त्रासात म्हणावा तसा फरक पडला नाही. पूर्ण मात्रेने सुरुवात आणि त्रास दिसताच वेळेवर उतरवणे, ही रीत त्यातून पक्की झाली. रुग्ण गप्प राहिला तर ती कोलमडते.

जीवनगुणवत्तेच्या मोजणीसाठी ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० ही ३० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ती मराठीतही आहे. जड पिशवी उचलताना त्रास होतो का, भूक कशी आहे, पैशांची ओढाताण झाली का, असे साधे प्रश्न त्यात असतात. तळहातातळपायांच्या कातडीबद्दल मात्र एकही नाही. म्हणून घरची वही अधिक बोलकी ठरते. तारीख, रक्तदाब, वजन, किती वेळा शौचाला झाली, पाय कसे आहेत, एवढ्या नोंदी पुरतात.

पैशाचा प्रश्न मुंबईच्या इतिहासाशी जोडलेला आहे. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला औषध बनवण्याची मुभा, दिला, तो सोराफेनिबसाठीच. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपये होती. ती परवान्यानुसार ८,८८० रुपयांच्या आत आली. प्रकरण मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगाचे होते. थायरॉइडच्या रुग्णांसाठी सोराफेनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली ती पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये. औषध स्वस्त झाले तरी गावाकडून येणाऱ्याला मुंबईतला मुक्काम परवडत नाही, आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा परळला येणाऱ्या अशा कुटुंबांना आजही आसरा देते.

औषधाचा उपयोग संपला की ते थांबवतात आणि वेदना, धाप, झोप यांकडे लक्ष देणारी परिहारक सेवा पुढे येते. खरे तर ती पहिल्या गोळीपासूनच सोबत हवी. लक्ष्यित औषध बंद झाले तरी थायरॉक्सिनची उपाशीपोटीची गोळी रोज सकाळी घ्यायचीच असते.