कॉइल गेली, पॉट आला

हव्या त्या वारंवारता पुढे सोडायच्या आणि बाकीच्या अडवायच्या, ही मुळात टेलिफोनची गरज. एकाच तारेवरून अनेक संभाषणं नेली की ती पुन्हा वेगळी काढावी लागतातच. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वॅग्नर यांनी, स्वतंत्रपणे, कॉइल-कपॅसिटरचे फिल्टर मांडले. पण वारंवारता कमी असली की कॉइल बोजड होते, शिवाय एकदा गुंडाळली की बदलणं अवघड.

१९५५ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या सॅलन आणि की यांनी फक्त रेझिस्टर, कपॅसिटर आणि अँप्लिफायर वापरून ही अडचण सोडवली. त्यांचे अँप्लिफायर व्हॅक्यूम ट्यूबचे होते. आज त्यांचं सर्किट ऑप-अँपशिवाय, म्हणजे चिपवर मिळणाऱ्या तयार अँप्लिफायरशिवाय, कुणी काढत नाही.

ट्यूनिंगसाठी, म्हणजे फिल्टरची वारंवारता बदलण्यासाठी, मला मल्टिपल फीडबॅकची रचना जास्त आवडते. हा फिल्टर एका मध्य वारंवारतेभोवतीचा पट्टाच पुढे सोडतो. दोन्ही कपॅसिटर १० नॅनोफॅरडचे आणि फीडबॅकचा रेझिस्टर १०० किलोओहमचा घेतला, तर बँडविड्थ (त्या पट्ट्याची रुंदी) सुमारे ३१८ हर्ट्‌झ. इनपुटला ५० किलोओहम असताना ग्राउंडकडे जाणारा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ५ किलोओहमवर ठेवला की मध्य वारंवारता सुमारे ७४७ हर्ट्‌झ येते, १.२५ किलोओहमवर आणला की साधारण १,४४०. बँडविड्थ आणि गेन (सिग्नल किती पट होतो ते) मात्र जागचे हलत नाहीत. एका पॉटवर एवढं!

अर्थात, हे आदर्श, म्हणजे अमर्याद गेनच्या, ऑप-अँपचं गणित झालं. १९७३ मध्ये बर्कलीत लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांचा स्पाइस हा सर्किटचं सिम्युलेशन करणारा प्रोग्रॅम आला, तेव्हा सर्किट पंच कार्डांवर लिहून द्यायचे. नेटलिस्टला (सर्किटच्या घटकांच्या यादीला) अजून 'डेक', म्हणजे कार्डांचा गठ्ठा, म्हणतात ते त्यामुळेच. पण ऑप-अँपचा एकेक ट्रान्झिस्टर सोडवायचा तर त्या काळच्या संगणकाला ते फार महाग पडे. १९७४ मध्ये बॉयल आणि सहकाऱ्यांनी मोजक्या घटकांत ऑप-अँपचं वागणं पकडणारं मॅक्रोमॉडेल दिलं. माझ्या मते फिल्टरच्या सिम्युलेशनला खरा अर्थ आला तो इथे.

कारण बँडविड्थ कायम ठेवून वारंवारता दुप्पट केली की क्यू (मध्य वारंवारता भागिले बँडविड्थ) दुप्पट होतो. ऑप-अँपचा ओपन-लूप (फीडबॅकशिवायचा) गेन दोन क्यू-वर्गाच्या बराच वर हवा, म्हणजे गरज चौपट. आणि त्याच वेळी, वारंवारता दुप्पट झाल्याने, उपलब्ध गेन निम्मा होतो. राखीव माया एका झटक्यात आठव्या हिश्श्यावर. सिम्युलेशनमध्ये आदर्श ऑप-अँप ठेवून पॉट फिरवत गेलात तर यातलं काहीच दिसत नाही. ७४१ या खऱ्या ऑप-अँपचं मॉडेल बसवा, पॉट पायरीपायरीने बदला, आणि आलेखाची शिखरं गणितापेक्षा कमी वारंवारतेकडे सरकायला कुठून लागतात ते पाहा.