बुरशी खरवडली, पण विषाचं काय?

परवा एक फॉरवर्ड आला. ब्रेडवर हिरवी बुरशी आली तर फेकू नका, त्यात नैसर्गिक पेनिसिलिन असतं, इम्युनिटी वाढते वगैरे. शास्त्रज्ञ फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशीभोवतीचे जंतू मेलेले बघितले आणि त्यातून पेनिसिलिन सापडलं, त्याचा एवढा उलटा अर्थ काढायला पण टॅलेंट लागतं राव.

पेनिसिलियम ही काही एकच बुरशी नाही, ते मोठं कुळ आहे, त्यात शेकडो जाती. एक पेनिसिलिन बनवते, तर तिचीच चुलत बहीण जी सफरचंदं सडवते ती पॅट्युलिन नावाचं विष बनवते. गंमत म्हणजे १९४० च्या दशकात हे पॅट्युलिनसुद्धा अँटिबायोटिक म्हणून सर्दीवर ट्राय करून झालं होतं, नंतर ते प्राण्यांनाही विषारी निघालं. आता तुमच्या ब्रेडवर यातली कोण बसलीये हे नुसतं बघून सांगता येत नाही, मला तर नाहीच पण बुरशीतल्या तज्ज्ञालाही मायक्रोस्कोप लागतो.

बरं, फॉरवर्डवर विश्वास न ठेवणारेही एक गोष्ट हमखास करतात, तेवढा हिरवा भाग काढून बाकीचा खातात. जो रंग दिसतो तो बीजाणूंचा असतो, म्हणजे बुरशीची पिल्लं हवेत सोडायची तयारी. त्याच्या आधीच तिचे बिनरंगाचे बारीक तंतू ब्रेडच्या भोकाभोकांतून आत पसरलेले असतात. झाडाची फुलं खुडायची आणि झाड उपटलं म्हणायचं, तसलाच प्रकार.

मग म्हणतात की भाजून घेऊ. भाजल्यावर बुरशी मरते हे खरं, पण तिने आधीच बनवून ठेवलेलं विष मरत नाही कारण ते मुळात जिवंतच नसतं, साधं रसायन असतं. अफ्लाटॉक्सिन हे असंच एका बुरशीचं विष, ते पूर्ण मोडायला साधारण २४० ते ३०० अंश सेल्सिअस लागतात आणि उकळून काढायचं म्हटलं तरी पाणी १०० वरच थांबतं.

हे अफ्लाटॉक्सिन सापडलं ती गोष्ट भारी आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये १ लाखापेक्षा जास्त टर्की पक्षी पटापट मेले. रोगच कळेना म्हणून नाव पडलं 'टर्की एक्स'. शेवटी धागा पोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत, तिच्यात अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी होती. तिचं विष अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळं किंवा हिरवं चमकतं, म्हणून ब्लू आणि ग्रीनवरून बी आणि जी असे प्रकार पडले.

आता माझा आवडता भाग. अफ्लाटॉक्सिन बी१ पोटात जातं तेव्हा तसं गरीबच असतं, त्याला खरं धारदार बनवतं आपलं लिव्हर! पाण्यात नीट न विरघळणारी वस्तू शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, म्हणून लिव्हरमधली सायटोक्रोम पी४५० नावाची एन्झाईम तिला ऑक्सिजन चिकटवतात, एरवी ही आयडिया छान चालते. पण इथे तो ऑक्सिजन जाऊन बसतो ८ आणि ९ नंबरच्या कार्बनच्या मधे आणि तीन अणूंचा त्रिकोण तयार होतो, त्याला इपॉक्साईड म्हणतात. कार्बनला बंधांमधे १०९ अंशांच्या आसपास कोन लागतो आणि त्रिकोणात मिळतात फक्त ६०, त्यामुळे तो दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखा सुटायला टपलेला असतो. वरून हा रेणू चपटा, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमधे अलगद सरकतो आणि ग्वानिनच्या (डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी') ७ नंबरच्या नायट्रोजनला घट्ट चिकटतो. मग डीएनएची कॉपी काढताना 'जी'च्या जागी 'टी' हे दुसरंच अक्षर छापलं जातं. पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या पहारेकरी जीनमधे २४९ व्या जागी नेमकी हीच चूक झाली की त्यापासून बनणाऱ्या प्रोटीनमधे आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या ऐवजी सेरीन येतं आणि पहारेकरी झोपतो. अफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्या भागांतल्या लिव्हर कॅन्सरमधे हीच चूक पुन्हा पुन्हा सापडते, चोराने अंगठ्याचा ठसा सोडावा तशी.

यावर उतारा म्हणजे लिव्हरमधलंच ग्लुटाथायोन नावाचं रसायन, ते इपॉक्साईडला आधीच पकडून बाहेर काढतं. छोट्या उंदराचं (माउस, मोठा रॅट नव्हे) लिव्हर या कामात हुशार म्हणून तो बराच तगतो, टर्कीचं अगदीच ढ म्हणून तो मेला. आपण मधे कुठेतरी, पण हिपॅटायटिस बी असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. (डिटॉक्स ज्यूस विकणाऱ्यांनी हे वाचावं, इथे डिटॉक्स करायला गेलेलं लिव्हरच विष बनवतंय.)

एवढं वाचून घाबरू नका. ब्रेडचा एखादा बुरशीचा घास चुकून गेला तर धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. अफ्लाटॉक्सिन मुख्यतः मका, शेंगदाणे, सुकामेवा अशा उष्ण दमट हवेत वाढवलेल्या, साठवलेल्या मालात असतं आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं खाल्लं की नडतं, म्हणून कडू लागलेला दाणा गिळायचा नाही, थुंकायचा.

ब्रेड, जॅम, शिजवलेला भात, दही, मऊ फळं यांवर बुरशी दिसली तर सगळंच टाका. घट्ट चीज, गाजर, कोबी यांत तंतूंना आत शिरणं जड जातं, तिथे डागाभोवती आणि खाली २.५ सेंटिमीटर कापून बाकीचं खाता येतं, फक्त सुरी बुरशीला लागू देऊ नका. आणि ब्लू चीज मुद्दाम निवडलेल्या बुरशीनेच बनतं, सोया सॉसची अॅस्परजिलस ओरायझी तर त्या फ्लेव्हसचीच पाळीव बहीण आहे, लांडग्याचा कुत्रा झाला तसं, तिचे अफ्लाटॉक्सिनचे जीन्स बंद पडलेत.

हो, आणि खराब झालंय का बघायला ते नाकाशी नेऊन हुंगू नका, बीजाणू थेट फुप्फुसात जातात, दमा किंवा अॅलर्जी असेल तर खाण्याआधीच त्रास सुरू.